कंदांचा उन्हाळा

"वहिनी, माती एवढी ओली कशी?"

धाकटीने वाफ्यात बोट खुपसलं होतं. ते दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा त्याला काळा चिखल चिकटला होता.

थोरली पायरीवर बसून मटार सोलत होती. "कशी म्हणजे? रोज संध्याकाळी पाणी घालते मी. तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस ती उन्हाळाभर तिकडेच. मग बाग कोण बघणार होतं, तुझा नातू?"

"रोज घातलंत?"

"एक दिवस चुकवला नाही. ताप होता तरी झारी उचलली. ह्यांची फुलं आहेत बये ती."

धाकटीने बोट गवताला पुसलं आणि विषय बदलला. नातवाचं नाक कुणावर गेलंय यावर मग बराच वेळ बोलणं झालं.

दोघी जावा. घर एकच, मधे भिंत घालून दोघा भावांनी वाटून घेतलेलं; मागचं अंगण मात्र सामाईक. धाकटीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, थोरलीचा याच वर्षी गेला. तो बस चालवायचा. निवृत्त होईपर्यंत त्याला पालक आणि तण यांतला फरक कळत नव्हता, आणि मग अचानक बागेचं वेड लागलं. गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी तो आयरिस नावाच्या ठेंगण्या फुलझाडाचे कंद घेऊन आला. लसणाच्या पाकळीएवढे, वर तपकिरी जाळीदार साल, प्रत्येकाला कुणीतरी मापाचं गोणपाट शिवून द्यावं तशी.

"हे भाजीत घालायचे की मातीत?" थोरलीने विचारलं होतं.

"मातीत. बोटभर खोल. आणि थंडी संपायच्या आत बघ."

थंडी संपायच्या आत तो अंथरुणाला खिळला होता. खिडकीशी पलंग ओढला होता. एका सकाळी, बाकीची बाग काटक्यांसारखी उभी असताना, उघड्या मातीतून फुलं वर आली. जेमतेम वीतभर उंच, गडद जांभळी, खालच्या पाकळीवर पिवळा पट्टा. पानं अजून धड निघालीही नव्हती. "बघ," तो थोरलीला म्हणाला, "वेळेवर आली की नाही गाडी?" वसंत लागता लागता तो गेला.

धाकटी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पारदर्शक काप काढायचे, रंगवायचे, काचेवर चढवायचे. भावजींचा तुकडाही तिच्याच टेबलावर आला होता. रंग नीट चढलाय का हे पाहायला तिने काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिला कळलं. पण निदान सांगणं हे तिचं काम नव्हतं. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. घरी आल्यावर थोरलीने विचारलं तेव्हा "डॉक्टर सांगतील" एवढंच ती म्हणाली. नंतर थोरलीच्या लक्षात आलं. ती भांडली नाही. "म्हणजे तुला माहीत होतं तर," असं एकदाच म्हणाली. त्यानंतर आजारपणातलं काहीही तिने धाकटीला विचारलं नाही. भाजीत मीठ किती, नळ दुरुस्त करायला कुणाला बोलवावं, हे विचारायची. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, थोरली जरा आडवी झाली आहे असं पाहून, धाकटी खुरपी घेऊन वाफ्याशी बसली. पहिला कंद वर आला. साल शाबूत होती. चिमटीत धरून दाबली तर आतून तपकिरी पाणी निघालं आणि आंबूस वास आला. दुसरा तसाच. तिसराही. नर्सरी चार गल्ल्या पलीकडे होती. गुपचूप नवे कंद आणून लावले असते तर थंडीत फुलं आली असती आणि कुणाला काही कळलं नसतं.

"काय सापडलं?"

थोरली दारात उभी होती. धाकटीची मूठ आपोआप मिटली.

"मूठ उघड. आणि डॉक्टर सांगतील म्हणू नकोस. इथे कुणी डॉक्टर नाही."

धाकटीने मूठ उघडली. "गेले, वहिनी. कुजले."

"कशाने?"

"पाण्याने. उन्हाळ्यात हे झोपतात. पानं वाळली की माती कोरडी ठेवावी लागते."

"म्हणजे मी केलं."

"हो."

थोरली पायरीवर टेकली. "मला वाटलं, तहानले असतील," ती म्हणाली. मग आवाज न बदलता म्हणाली, "ह्यांनाही मी असंच करायचे. शेवटच्या रात्री झोप लागली होती. मी उठवून पाणी पाजलं. ठसका लागला. पहाटे गेले. त्या पाण्यानेच गेले का गं?"

"एवढे महिने विचारलं नाहीत?"

"तू खरं सांगितलं असतंस?"

धाकटीने मातीचे हात मांडीवर ठेवले. "ठसक्याने त्यांना त्रास झाला असेल. नाही म्हणणार नाही. पण गेले ते आजाराने. पहिली काच मी पाहिली होती, नंतरचे सगळे फोटो आणि रिपोर्ट मी वाचलेत. फुप्फुसात जागा उरली नव्हती. तुम्ही पाणी पाजलं नसतं तरी ती पहाट तशीच झाली असती."

"बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?"

"बरं वाटावं म्हणून सांगायचं असतं तर कंद उंदरांनी खाल्ले म्हणाले असते."

थोरली हसली, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. धाकटी खुरपीने माती उकरत राहिली. तिकडे बघितलं नाही.

भिंतीलगत, जिथे झारीचं पाणी पोचलं नव्हतं, तिथली माती तिने चाळणीतून काढली. चाळणीत खडे उरले आणि खड्यांत तांदळाएवढे काही दाणे. एक तिने नखाने दाबून पाहिला. टणक होता.

"ही पिल्लं. मोठा कंद फुलून झाला की फुटतो, त्याची होतात."

"फुलतील?"

"या थंडीत नाही. पुढच्याही थंडीत बहुतेक नाही."

"गाडी लेट आहे म्हणायची." थोरलीने हात पुढे केला. "आण इकडे. तुझा चष्मा असून तुला दिसत नाही, मी लावते."

भिंतीशी माती उंच करून, तिच्यात वाळू आणि बारीक खडी मिसळून त्यांनी ते दाणे लावले. थंडीत केसांसारखी पाती वर आली, फूल एकही नाही. शेजारीण म्हणाली, "गवत छान उगवलंय हो." थोरलीने तिला आत बोलावलं नाही. ऊन वाढलं तशी पाती पिवळी पडली आणि वाळून गेली. तिथे नुसती भुरकी माती उरली.

भर उन्हाळ्यात एका दुपारी ध्यानीमनी नसताना आभाळ भरून आलं आणि सर कोसळली. धाकटी दोरीवरचे कपडे काढायला मागे धावली. थोरली आधीच अंगणात होती. तिने उघडलेली छत्री भिंतीलगतच्या मातीवर आडवी धरली होती. तिची पाठ चिंब भिजली होती आणि कपाळावरून पाणी ओघळत होतं.

"बघत काय उभी राहिलीस? कपडे राहू देत. दुसरी छत्री आण, या टोकाला थेंब पडतायत."

धाकटीने छत्री आणली आणि दुसऱ्या टोकाला धरली. सर थांबेपर्यंत दोघी तशाच वाकून, भिजत उभ्या राहिल्या.