फोनांचा अबोला

ती गाडी चालवायला शिकवायची आणि त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. कामात असताना दोघांनाही फोनकडे बघता येत नसे. तिच्या शेजारी कुणीतरी घामाघूम होऊन गिअरशी झटत असायचं, आणि तो कुणाच्या तरी डोळ्यांत टॉर्च मारत असायचा. म्हणून त्यांच्या कॉलेजातल्या लेकीने दोघांच्या फोनवर एक सोय सुरू करून दिली. फोन दिवसभर माणसाचं बोलणं ऐकायचा, स्वभाव ओळखायचा आणि त्याच्या वतीने परस्पर उत्तरं द्यायचा.

खरंच, दोघांना काही करावंच लागेना. दूध संपलं की दूध यायचं, गॅस संपला की गॅस. संसार कसा तेलपाणी केल्यासारखा चालला होता.

एका सकाळी तिची थोरली बहीण मोठी बॅग घेऊन थेट दुकानात आली. तो एका आजोबांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होता.

"भाऊजी, मी मिटवायला आलेय," ती स्टुलावर टेकत म्हणाली.

"काय मिटवायला, ताई?"

"आता कशाला लपवताय? तुमचं भांडण."

"आमचं भांडण नाहीये."

"मग तिच्या फोनने मला सल्ला कशाला विचारला? मलाच नाही, तुमच्या आत्यालाही विचारला. आत्या म्हणाल्या, चूक तुमचीच असणार."

आजोबांनी अक्षरं अर्धवट सोडली. "मिटवून टाका हो," ते म्हणाले. "माझं काय, मला सवय आहे अंधुक दिसायची."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी ताईने बहिणीचा फोन हातात घेतला आणि भांडण मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एका गिऱ्हाइकापाशी तो सहज म्हणाला होता, की बायको शिकाऊ लोकांशी जितकं गोड बोलते तितकं घरी बोलत नाही. ते त्याच्या फोनने तिच्या फोनला जसंच्या तसं ऐकवलं होतं. तिचा फोनही कमी नव्हता. एका शिकाऊ बाईला ती म्हणाली होती, "आमच्या ह्यांच्याशी बोलणं म्हणजे लाल सिग्नलला थांबणं." तिच्या फोनने तेच तोंडावर फेकलं होतं.

ताई वाचता वाचता थांबली.

"वाच ना," धाकटी म्हणाली.

"मी आले की जायचं नाव घेत नाही, असं इथं लिहिलंय. अख्ख्या भांडणात तेवढ्या एका मुद्द्यावर तुमचं एकमत दिसतंय."

ताईने पुढचं वाचलं. "यापुढे कामापुरतंच बोलू." त्यावर उत्तर होतं, "चालेल."

"कधीचं आहे हे?" त्याने विचारलं.

"गेल्या महिन्यातलं."

"म्हणजे महिनाभर आमचा अबोला आहे?"

"तुम्हाला कळलं नाही?" बायको म्हणाली.

"तुला कळलं?"

तिने मिठाची बाटली उगाच पुढे-मागे सरकवली. तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. 'सध्या उत्तर देऊ नका. समोरची व्यक्ती दुखावलेली आहे.'

"बंद कर हे," तो शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाला.

लेकीने बरीच खटपट केली. मग म्हणाली, "बाबा, बंद होत नाहीये. वाद चालू असेपर्यंत सोय काढता येत नाही म्हणतोय. आधी फोनांचा समेट व्हायला हवा."

ताई उठली. दोन्ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, ओट्यावर त्यांना शेजारी शेजारी ठेवलं आणि दार लावून घेतलं. लेक मदतीला आत गेली.

नवरा-बायको बाहेर सोफ्यावर बसले, दवाखान्यात नातेवाईक बसतात तसे. आतून ताईचा समजुतीचा आवाज येत होता. "अरे, असं तुटेपर्यंत ताणू नये."

"खरंच मी लाल सिग्नल वाटतो?" त्याने हळूच विचारलं.

"कधी कधी पिवळा."

त्याला हसू आलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिने त्या दिवशीच्या एका शिकाऊ गृहस्थांची गोष्ट काढली. गाडी मागे घेताना त्यांनी ती थेट केस कापायच्या दुकानाच्या दारात घातली होती. आत एकाची अर्धी दाढी झाली होती. तो माणूस तसाच, गळ्यात फडकं घेऊन बाहेर आला...

इतक्यात दार उघडलं. ताईच्या कपाळावर घाम होता.

"झाला समेट," ती म्हणाली. "तुझा फोन पटकन ऐकतो गं. भाऊजींचा फार हट्टी आहे."

लेकीने तिथल्या तिथे सोय काढून टाकली. ताईची सोय लावणं, अंथरूण घालणं यात ती गोष्ट तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिला मेसेज केला. उत्तर आलं नाही. त्याने बराच वेळ वाट पाहिली, मग दुकानाला कुलूप लावलं आणि ती शिकवायची त्या मैदानामागच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तिची गाडी आचके देत आली आणि थांबली. तिने काच खाली केली.

"काय झालं?"

"काही नाही. त्या अर्ध्या दाढीवाल्याचं पुढे काय झालं?"

तिने मागचं दार उघडून दिलं. तो आत बसला. गाडी चालवणाऱ्या तरुणीने विचारलं, "मॅडम, मी थांबू का?"

"नको, तू चालव. समोर बघ," ती म्हणाली, आणि मागे वळून सांगायला लागली.