एकवीस गोदड्यांची घडवंची

मित्रांनो, भूपतचं वागणं मला मुळीच आवडलेलं नाही. मी तोंडावर बोलणारी आहे, पण देवाने मला तोंडच दिलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ज्या गोदड्यांत तो लहानाचा मोठा झाला, त्या त्याने कात्रीने कापायला दिल्या. त्यांच्या जागी माझ्या डोक्यावर थर्माकोल ठेवलं. आणि आईला फोनवर सांगितलं, सगळं जागच्या जागी आहे बा, तू निवांत ये.

मी एक जुनी घडवंची आहे. आमच्या सौराष्ट्रात मला डामचियो म्हणतात. नाव काही घ्या, काम एकच, घरातली अंथरुणं-पांघरुणं डोक्यावर घेऊन उभं राहायचं. सावरकुंडल्याजवळच्या वावडीत करसन सुताराने मला घडवलं. सागाचं अंग, जाड चार पाय, समोर कोरलेले दोन मोर, पितळेच्या फुल्या आणि खाली दोन दारांचा कप्पा. एका मोराचा तुरा जरा बसका आहे, कारण त्या दिवशी करसनला ताप होता. ज्या मोंघीच्या लग्नासाठी मी घडले, तिच्या बापाने तो तुरा बघून नाक मुरडलं. मोंघी म्हणाली, मला हाच मोर हवा. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि दोन इयत्ता शिकलेली. बैलगाडीतून मी तिच्याबरोबर तिच्या सासरी आले. आता तिला सगळे मोंघीबा म्हणतात, आमच्याकडे आईला बा म्हणतात आणि म्हाताऱ्या बाईलाही. भूपत तिचा मुलगा.

तुम्हाला वाटेल, अंथरुणं ठेवायची वस्तू, तिला कसला एवढा तोरा. तर ऐका. आमच्याकडे पाहुण्याला किती दिवस राहणार असं कोणी विचारत नाही. माझ्यावरची गोदडी खाली आली की पाहुणा राहिला. घर केवढं आहे ते खोल्या मोजून नाही, माझ्यावरचा थर बघून कळायचं. सोयरीक जमवायला बायका आल्या की त्यांच्यातली जाणती बाई आधी ओछाडाचं कौतुक करायची. ओछाड म्हणजे माझ्या थरावर टाकलेली भरतकामाची चादर. कौतुक करता करता ती कोपरापर्यंत हात दोन गोदड्यांच्या मध्ये घालायची. हाताला सगळं कळतं. गोदडी जड आहे की नुसती फुगवलेली, उन्हात पडते की कुबटली आहे, घरात कोणी टाके घालतं की नाही. दुष्काळाच्या साली काही घरं लाजेखातर थराच्या आत कडब्याच्या पेंढ्या लपवत. हाताला तेही कळायचं. मग त्या घराला ‘कडब्याचं घर’ म्हणत, आणि ते नाव दोन पिढ्या पुसलं जात नसे.

मोंघीबाच्या थरात कधी एक काडी नव्हती. एकवीस गोदड्या होत्या. सासूच्या काळ्या लुगड्याची एक. नवऱ्याच्या फेट्याची एक, तो गेला त्या वर्षी शिवलेली. भूपतच्या झबल्यांची एक, तिला अठ्ठावीस तुकडे. तळाला कडुनिंबाचा पाला. दिवाळीआधी सगळ्या अंगणात उन्हात पडत आणि दिवसभर मला हलकंहलकं, उघडंउघडं वाटे. गल्लीत कुणाकडे लग्न निघालं की गोदड्या माझ्याकडून जायच्या आणि झटकून, घड्या घालून परत यायच्या. लहानपणी भूपत शाळेतून आला की माझ्यावर चढायचा आणि दोन गोदड्यांच्या फटीत शिरून झोपायचा. एकदा वरच मुतला. मला तेव्हा त्याची किळस आली नाही. आता येते.

हिऱ्यांच्या धंद्यात भूपत वर गेला, इतका वर की सुरतेत नवव्या मजल्यावर. मोंघीबाबरोबर मीही गेले. आधी आतल्या खोलीत होते, बरी होते. मग हेतवीची, भूपतच्या मुलीची, सोयरीक बघायची वेळ आली आणि भूपतने घर सजवायला काढलं. धुळीचा त्रास नको म्हणून मोंघीबाला महिनाभर गावी पाठवलं. आणि मौलिक नावाचा सजावटवाला आला. कलिंगड बघतात तसं त्याने माझ्या पाठीवर टकटक केलं आणि म्हणाला, पीस कडक आहे. बासष्ट वर्षं मी घडवंची होते. त्या दिवशी पीस झाले.

प्रत्येक खोलीसाठी त्याच्याकडे वेगळी कल्पना होती. दिवाणखान्याला गावाची कल्पना. म्हणून ताक घुसळायची रवी छताला उलटी टांगून तिच्यात दिवा लावला. धान्याचं माप भिंतीला खिळलं आणि त्यात कागदाची फुलं खोचली. बैलाची घंटा संडासाच्या दाराला बांधली. पूर्वी ती वाजली की बैल घरी आल्याचं कळायचं, आता आत कोण गेलं ते कळतं. स्वयंपाकघरं दोन केली. एक पांढरंफेक, दाखवायचं, तिथे हळदीचा डबा उघडायचा नाही. दुसरं मागच्या गॅलरीत, तिथे रसीला, भूपतची बायको, घामाने निथळत रोटले थापते. निजायच्या खोलीत पलंगावर अकरा उशा. निजायच्या आधी त्या खाली उतरवायच्या आणि उठल्यावर पुन्हा रचायच्या, आणि डोक्याखाली एकही घ्यायची नाही. देवघरात रंग बदलणारी दिव्यांची पट्टी. आमचे ठाकोरजी आरतीला हिरवे असतात आणि नैवेद्याला जांभळे.

मला बाहेरच्या दाराशी उभं केलं. अंगाला चिकट, चकचकीत रोगण फासलं. पितळेच्या फुल्या काळ्या केल्या, मी जुनी दिसावी म्हणून. अरे, मी जुनीच आहे. आणि खालच्या कप्प्यात, जिथे बाळंतिणीची दुपटी असायची, तिथे चपला आणि बूट कोंबले. मित्रांनो, पायमोज्यांचा वास सागात मुरतो. एकदा मुरला की कोणत्याही रोगणाने जात नाही.

मौलिकला गोदड्याही पसंत पडल्या नाहीत. म्हणे थर एका रेषेत बसत नाही, मध्ये दबतो, जुनाट वास येतो. त्याने थर्माकोलचा ठोकळा कापून आणला. प्रत्येक गोदडीची पुढची घडी वीतभर कापून त्या ठोकळ्याला चिकटवली, म्हणजे समोरून एकवीस गोदड्या दिसाव्यात. उरलेल्या गोदड्या रंगाऱ्यांनी थेंब झेलायला फरशीवर पसरल्या आणि त्यांच्यावर पाय पुसत हिंडले. भूपत तिथेच उभा होता. बापाच्या फेट्याची गोदडी कात्रीखाली आली तेव्हा त्याने हात पुढे केला. मला वाटलं, आला शुद्धीवर. त्याने फक्त तिचं टोक ताणून धरलं, कात्री सरळ चालावी म्हणून.

रसीलाने विचारलं, बाला काय सांगायचं. तो म्हणाला, “काही सांगायचं नाही. वर ओछाड असतोच की.”

हेतवीने रंगाऱ्याच्या पायाखालून एक गोदडी ओढून काढली, काखेत मारली आणि आपल्या खोलीत नेली.

पाहुणे यायच्या दिवशी मोंघीबाची बस उशिरा पोचली. ती दारातून आत आली आणि तिच्या पाठोपाठ पाहुणे. मुलाचे आईवडील आणि लाठी गावाकडची त्याची आजी, संतोकबा. मुलगा आणि हेतवी एकमेकांना भेटले होते, दोघांच्या मनात होतं, फक्त संतोकबाची मान हलायची बाकी होती. मोंघीबाने माझ्या कप्प्यातल्या चपला पाहिल्या. तिचे ओठ आवळले गेले, पण पाहुणे दारात होते, तिने आधी त्यांना आत घेतलं.

जेवणं झाली. ओळो म्हणजे वांग्याचं भरीत, रोटला, गूळ-तूप. ते सगळं गॅलरीतून आलं. संतोकबा मौलिकच्या सोफ्यावर दोनदा बसली आणि दोनदा उठली. म्हणाली, यात बुडायला होतं, पाठ टेकायला काही आहे का. मग फिरत फिरत माझ्यापाशी आली आणि ओछाडातल्या आरशांवर बोट फिरवत म्हणाली, भरत जुनं दिसतं.

मोंघीबा फुलली. “माझ्या आईच्या हातचं. आणि खाली एकवीस गोदड्या, एकूणएक माझ्या. बघा ना हात घालून.”

रसीलाच्या हातातली मुखवासाची डबी तशीच राहिली. भूपत घाईने मध्ये आला, सांगू लागला की आतल्या खोलीत एसी लावलाय, तिथे आराम करा. पण संतोकबाचा हात आत गेला होता. चार बोटं गेली आणि पुढे जाईना. तिने जोर केला. तेव्हा माझ्या डोक्यावर जो आवाज झाला तो जेवताना दाताखाली खडा यावा तसा होता. हात बाहेर आला तर बांगड्यांना पांढरे दाणे चिकटलेले. ती झटकत राहिली, ते जात नव्हते.

“बेन,” संतोकबा हळूच म्हणाली, “दुष्काळात लोक कडबा भरायचे. तुमच्याकडे दुष्काळ कधी पडला?”

मोंघीबाने सगळ्यांसमोर ओछाड ओढून काढला. समोरून एकवीस घड्या, मागून पांढरा ठोकळा. ती एकेका घडीवर बोट ठेवत गेली. काळं लुगडं. झबली. फेट्यावर बोट आलं आणि तिथेच थांबलं. भूपत समजावू लागला की बा, नव्या आणून देतो, दुकानात तयार मिळतात, धुवायलाही सोप्या. मोंघीबाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. संतोकबाने आपली पिशवी उचलली.

तेवढ्यात हेतवी आतून आली. दोन्ही हातांवर काळ्या लुगड्याची गोदडी. पुढची घडी कापली होती तिथे तिने स्वतः शिवलं होतं, मोठ्या मोठ्या टाक्यांनी. रंगाचे थेंब तसेच होते. तिने ती संतोकबापुढे फरशीवर अंथरली.

“बा, इथे पाठ टेका. रंगाचा वास येतो थोडा. पण निजता येतं.”

संतोकबा वाकली. हात गोदडीखाली घातला, टाके चाचपले. “कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. आमच्या बाचं बघून.”

“ते दिसतंच आहे. सगळे वाकडे,” संतोकबा म्हणाली, आणि पिशवी डोक्याखाली घेऊन आडवी झाली. मुलाची आई रसीलाकडे बघून हसली. मी सांगितलं होतं ना मित्रांनो, गोदडी खाली आली की पाहुणा राहिला.

तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल, खोल्या सजवाल. खुशाल सजवा. पण जुन्या वस्तूला हात लावण्याआधी एवढं विचारा की तू काय करायचीस. घंटेला, रवीला, मापाला विचारा. आणि जमलं तर तेच तिला करू द्या. नाही जमलं तर नीट बाजूला ठेवा, तिची सोंगं काढू नका. मला हे फार लागलं आहे, म्हणून इतक्यांदा सांगते.

संतोकबाला डोळा लागला तेव्हा मोंघीबा माझ्याजवळ आली. बसक्या तुऱ्याच्या मोरावर तिने हात ठेवला. रोगण बोटांना चिकटलं, ते तिने पदराला पुसलं. भूपत मान खाली घालून उभा होता. पाहुणी जागी होऊ नये म्हणून ती आवाज खाली ठेवून बोलली.

“भूपत, आधी हिच्या पोटातल्या चपला काढ. लग्नानंतर हेतवी हिला घेऊन जाईल, आणि ती गोदडीही. मी आज संध्याकाळच्या बसने गावी जाते, तुझ्याकडे पाहुण्याला निजायला काही नाही. मग या घरात उरेल ते थर्माकोल आणि तू. समोरून दोघेही भरलेले दिसता.”