पॅरोलला हरकत

सुधीरने हवालदारासाठी खुर्ची ओढली, ती तिरकी वाटली म्हणून परत सरकवली आणि चहाचा कप स्वतःच त्याच्या पुढ्यात ठेवला. चित्रा, त्याची धाकटी बहीण, मटार सोलत बसली होती.

"ताई," हवालदार म्हणाला, "शिवरामने पॅरोल मागितलाय. आई अंथरुणाला खिळलीये त्याची. नव्या नियमाने तुम्हाला विचारल्याशिवाय सोडता येत नाही."

"ते कलम माझंच," सुधीरला राहवलं नाही. विधी खात्यातल्या सगळ्या नोकरीत त्याच्या जमेला एवढंच एक पुण्य होतं: ज्याचं माणूस गेलं, त्याला विचारा. लग्नाच्या पंगतीतही तो ते वाढायचा.

चित्राचं माणूस, तिचा नवरा, गेलं ते इथंच, शहाडला, पाण्याच्या टँकरवरून झालेल्या भांडणात. शिवरामने डोक्यात पहार घातली. त्याची आई, मालन, अजून समोरच्याच चाळीत राहते.

"सरळ नाही म्हण," सुधीर म्हणाला. "हक्क आहे तुझा."

"आणि पुढच्या वेळी?"

"तेव्हाही विचारतील. दर वेळी विचारतील."

"वा रे दादा! म्हणजे आजवर सरकार नाही म्हणायचं, आता मी म्हणायचं. म्हातारीचे तळतळाट माझ्या दारात!"

हवालदाराने हसू कपाआड लपवलं. सुधीर उठून खिडकीशी गेला, पडदा ओढला, पुन्हा सारला.

"मग काय, हो म्हणणारेस?"

"ह्यांच्या फोटोखाली बसून?" तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने हवालदाराला विचारलं, "मी काहीच बोलले नाही तर?"

"मुदतीत उत्तर आलं नाही, तर हरकत नाही असं धरतात. कलमातच आहे तसं."

चित्राने भावाकडे पाहिलं. "हेही तुझंच?"

फायली तुंबू नयेत म्हणून, जेवणाच्या सुट्टीआधी घाईत घातलेली ती ओळ सुधीरला आठवली. त्याने होकारार्थी मान हलवली.

चित्रा पुन्हा सोलू लागली. दाणे पातेल्यात पडत राहिले.

"अगं, बोल काहीतरी! हे खोळंबलेत."

ती बोलली नाही. हवालदाराने वाट पाहिली, जबाबासाठी आणलेला कोरा कागद घडी करून खिशात ठेवला आणि टोपी उचलली. तेव्हा ती उठली, पदराला हात पुसत त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

"जिन्यातला दिवा गेलाय," ती म्हणाली. "बेतानं उतरा."