वेरोना हुदाकचा मंगळवार

फेब्रुवारीत टीव्हीची वही घरी आली आणि वेरोना हुदाकची मान, जी आधीही काही खाली नव्हती, आणखी चार बोटं वर गेली. सगळ्या ओहायोतून मोजकीच घरं निवडतात, असं सोबतच्या पत्रात होतं. घरातल्या कोणी काय पाहिलं ते आठवडाभर वहीत भरायचं आणि रविवारी टपालात टाकायचं. न्यूयॉर्कमधली मोठी माणसं त्या आकड्यांवरून ठरवतात, कुठला कार्यक्रम ठेवायचा आणि कुठल्याचा गळा घोटायचा.

"तेवीस साली बोटीतून उतरले," चर्चच्या पायरीवर ती चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एक्कावन्न वर्षं झाली. या देशानं कधी विचारलं का, बाई, तुला काय आवडतं? आत्ता विचारलं!"

वेरोनाची शाळा म्हणजे स्लोवाक खेड्यातले तीन हिवाळे. आकडे तिला लख्ख कळत, आपलं नाव ती कुठल्याही कागदात ओळखी, पण इंग्रजी अक्षरं म्हणजे तिच्या लेखी कोंबडीनं उकरलेली माती. म्हणून वही भरायचं काम लेकीकडे गेलं. लेक लुडमिला. बँकेत नोकरीला लागल्यापासून ती मिली झाली होती. नवरा रेमंड हायस्कुलात इतिहास शिकवी आणि घरातही शिकवी.

वेरोनाचा जीव अडकला होता मंगळवारात. आठ वाजता, अकरा नंबरच्या चॅनेलवर, 'ॲग्नेसची लाँड्री'. ॲग्नेस विधवा होती, जाडजूड होती, आणि तिच्या तोंडाला सगळी गल्ली टरकून होती. हा कार्यक्रम उन्हाळ्यापर्यंत टिकेलसं दिसत नाही, असं रेमंडनंच पेपरातून वाचून दाखवलं होतं. आकडे कमी पडत होते म्हणे.

"आता पडायचे नाहीत," वेरोना म्हणाली. "आता मी आहे."

त्या मंगळवारी ॲग्नेसनं काय करावं? सरकारी तपासनीस तिच्या कामवालीला 'ए परदेशी' म्हणाला, तर ॲग्नेसनं त्याला कपडे वाळवायच्या गरम खोलीत कोंडला आणि माफी मागेपर्यंत बाहेर काढला नाही. वेरोना इतकी हसली की तिची कवळी सुटली. लुडमिलाही हसली, डोळे पुसत हसली. रेमंडसुद्धा हसला, आणि मग खोकल्याचं निमित्त केलं.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर वेरोनाला कपाटावर पाकीट दिसलं. चिकटवलेलं, तिकीट लावलेलं. न्यूयॉर्कला जाणाऱ्या कागदावर आपलं नाव कसं दिसतं ते तिला एकदा बघायचं होतं, बाकी काही नाही. तिनं किटलीच्या वाफेवर पाकीट धरलं, पोस्टाचा डिंक तो, लगेच सुटला.

नाव होतं. पहिल्याच चौकटीत. आणि त्याखाली सोमवार, चाळीस. मंगळवार, चाळीस. बुधवार, चाळीस. गुरुवार, शनिवार, सगळं चाळीस.

चाळीस नंबरवर व्हायोलिनं वाजत, चष्मेवाले लोक एकमेकांना हळू आवाजात सांगत की तुमचं बरोबर आहे. धूळ पुसताना सोडलं तर वेरोनाचा हात त्या बटणाला कधी लागला नव्हता.

ती वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी आली. कोबी-हॅलुश्कीचं, कोबीत परतलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, भांडं बाजूला सारलं आणि वही लेकीच्या ताटातच ठेवली.

"हे कोण बघतं?"

लुडमिलाचा चेहरा पांढरा पडला. "आई, तू पाकीट फोडलंस?"

"मी पाकीट फोडलं, तू माझं थोबाड फोडलंस. बोल, कोण बघतं?"

"अगं, त्यावर आपलं नाव आहे, पत्ता आहे," लुडमिला म्हणाली. "तिथं शिकलेले लोक वाचणार. हुदाक कुटुंब काय बघतं, तर लाँड्रीवाली आणि कुस्त्या! हसतील ना आपल्याला."

"आई, मिलीचा हेतू वाईट नव्हता," रेमंडनं काटा खाली ठेवला. "चांगल्या कार्यक्रमांनाही आधार हवाच की."

"तू गप रे मास्तर! मंगळवारी फिदीफिदी हसत होतास तेव्हा कुठं गेली होती तुझी व्हायोलिनं?"

रेमंडनं काटा पुन्हा उचलला.

"तीस वर्षं लोकांच्या फरश्या घासल्या मी," वेरोनाचा आवाज चढला, "म्हणून तू बँकेत खुर्चीवर बसतेस. तिथल्या साहेबिणी मी घरात असून नसल्यासारखं माझ्या डोक्यावरून बोलायच्या. त्यांचं मी समजू शकते, त्या परक्या. पण पहिल्यांदा मला कुणी विचारलं, आणि पोटच्या पोरीनं मलाच घरातून पुसून टाकलं? त्या ॲग्नेसचा गळा कोण घोटतंय ठाऊक आहे? न्यूयॉर्कवाले नव्हेत. तुझ्यासारख्या, घरात हसणाऱ्या आणि कागदावर लाजणाऱ्या!"

लुडमिला रडायला लागली. वेरोनानं तिच्याकडे पाहिलंच नाही. मेलेल्या नवऱ्याची जाड सुतारी पेन्सिल तिनं खणातून काढली आणि एकेक चाळीस असा खोडला की पान फाटता फाटता राहिलं.

मंगळवार, आठ वाजता : ११. आकडा चौकटीबाहेर गेला.

"सगळ्याच दिवशी अकरा लिही," नाक ओढत लुडमिला म्हणाली. "कुणाला कळणार आहे? तुझी ॲग्नेस तरी वाचेल बिचारी."

पेन्सिल थांबली. मोह झालाच वेरोनाला. सात दिवस, सात अकरा. मग तिनं मान झटकली.

"खोटं तू लिहिलंस. मी पाहिलं तेवढंच लिहीन." आणि तिनं गुरुवारी कुस्त्यांचा नंबर घातला, शनिवारी पोल्का नाचाचा. बुधवारी इस्पितळाची मालिका लागली होती, पण ती खुर्चीत घोरत होती. बुधवार तिनं कोरा ठेवला.

शेवटचं पान रिकामं होतं, वर इंग्रजीत काहीतरी छापलेलं.

"तुम्हाला आणखी काही सांगायचं असेल तर," रेमंडनं हळूच वाचलं.

"आहे," वेरोना म्हणाली.

"सांग, मी लिहिते," लुडमिला पुढं सरकली. "जसंच्या तसं लिहीन, आई. शपथ."

"तुझा हात लावू नकोस."

आणि वेरोना लिहायला बसली, तिला लिहिता येत होतं त्या एकाच भाषेत, स्लोवाकमध्ये. तीन हिवाळ्यांत शिकलेली अक्षरं मोठी मोठी, तिरकी, एकमेकांना ढकलत पानभर पसरली. ॲग्नेसला हात लावाल तर याद राखा, इथपासून सुरुवात होती. पान संपलं तेव्हा ती मागल्या पुठ्ठ्यावर गेली. हॅलुश्की थंडगार झाली, पण टेबलावरून कुणी उठलं नाही.

"आई," अखेर लुडमिला म्हणाली, "तिथं स्लोवाक कुणाला वाचता येणार?"

वेरोनानं पाकिटाच्या कडेवर जीभ फिरवली, मूठ आपटून ते बंद केलं आणि कोट चढवला.

"एक्कावन्न वर्षं मी वाचून दाखवणारा शोधत फिरले, हे काय लिहिलंय, ते काय लिहिलंय," दार उघडत ती म्हणाली. "आता शोधू देत त्यांना."