घरच्या बाईची वाव

पोक दा 'हो' म्हणाले! मी सायकल हातात धरून घरापर्यंत पळत आले, तिच्यावर बसायचं सुचलंच नाही.

आमच्या गावात मुलीला नवरा मिळतो, पण घराला सुतार मिळत नाही. पोक दा म्हणजे दाऊद सुतार. त्यांचा हात लागलेलं दार पिढ्यान्‌पिढ्या करकरत नाही, आणि म्हणूनच त्यांना गाठायचं म्हणजे नाकी नऊ येतात. माझा नवरा जुसोह किती वेळा त्यांच्याकडे गेला. दर वेळी कॉफी पिऊन, त्यांच्या पिंजऱ्यातल्या कवड्याचं कौतुक करून परत आला. "लाकूड अजून ओलं आहे म्हणतात," एवढंच सांगायचा. मी म्हटलं, "लाकूड नाही, तुम्ही ओले आहात. आता मीच जाते."

शुक्रवारी सकाळी पोक दा कुठे असतात हे शेंबडं पोरही सांगेल. मशिदीमागच्या मैदानात उंच काठ्यांवर पिंजरे चढवलेले असतात, खाली सगळे पुरुष माना वर करून कवड्यांचं गाणं ऐकत असतात. तिथे बायका फारशा जात नाहीत. मी सरळ पोक दांच्या काठीखाली जाऊन उभी राहिले. त्यांचा कवडा कित्येक आठवडे तोंडाला कुलूप लावून बसला होता. मी म्हटलं, "पोक दा, आमच्या स्वयंपाकघराचं काय?" आणि वरून कवडा जो गायला लागला, तो थांबेचना!

पोक दांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे, मग परत माझ्याकडे.

"तू पुढच्या शुक्रवारीही येशील?"

"आधी स्वयंपाकघर."

"मंगळवारी येतो," पोक दा म्हणाले, आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात.

इतका आनंद कशाचा, असं कोणी विचारेल. आमचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, खांबांवर उभं. त्याची जमीन इतकी कुजली होती, की एकदा भाताचं पातेलं उचलताना माझा एक पाय फळीतून आरपार गेला. मी वर अडकलेली, माझा पाय खाली कोंबड्यांमध्ये लोंबतोय आणि भात सगळा त्यांच्या अंगावर. कोंबड्यांची ईद झाली. पण खरं दुखणं फळ्यांचं नव्हतं. खरं दुखणं होतं उंचीचं.

आमच्याकडे घर काही टेप लावून बांधत नाहीत. सुतार घरच्या बाईला दोन्ही हात पसरून उभं करतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी धरतो. ती झाली तिची वाव. मग त्या सुतळीच्या घड्या घालून खांबांमधलं अंतर, दाराची उंची, बरण्या ठेवायच्या फळ्यांची उंची, सगळं काढतो. घर बाईच्या अंगाचं असलं की तिला लाभतं, म्हणतात. जुनं स्वयंपाकघर माझ्या सासूबाईंच्या वावेचं, त्यांना आम्ही मोक, म्हणजे आई, म्हणतो. आणि मोक सुपारीच्या झाडासारख्या उंच. मी त्यांच्या काखेपर्यंत येते. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मीठ, मसाला, मिरच्या, काहीही हवं असलं की मी नारळाच्या खवणीच्या पाटावर चढते. आणि मोक खाली उभ्या राहून हुकूम सोडतात, "मेक, चढ आणि बुडूची बरणी काढ." बुडू म्हणजे आमची माशाची आंबट-खारट चटणी, तिच्यावाचून घास उतरत नाही. म्हणजे दिवसभर चढ आणि उतर. मोकचा स्वतःचा हात आढ्याला लागेल, पण काढायचं मी! हा निव्वळ छळ आहे, मला माझं बुटकेपण रोज दाखवून द्यायचंय, अशी माझी पक्की खात्री होती. नावानंही कधी हाक मारली नाही. मेक म्हणजे पोरी. गावातल्या कुठल्याही पोरीला मेकच म्हणतात.

जगात एक तरी जागा अशी हवी, जिथे माझा हात पोचतो. एवढंच मागणं होतं माझं.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, वाव माझीच घेतील ना?"

जुसोहचा घास हातातच राहिला. "मोक असताना तुझी कशी घेतील? घरची बाई मोकच."

झालं. सगळ्या आनंदावर पाणी. आणि सोमवारी सकाळी मी लाकडं आणायला मागे गेले, तर काय बघते? मोक नारळाच्या खोडाला चिकटून उभ्या, उजव्या हाताची बोटं एकेक करून वर सरकवतायत. दात ओठांवर दाबलेले, कपाळावर घाम. माझ्या पायाची चाहूल लागताच त्यांनी हात झटकन खाली घेतला आणि उगाचच झावळ्या गोळा करायला लागल्या.

सराव! वाव लांब भरावी म्हणून सराव चाललाय! म्हणजे नव्या फळ्या आणखी वर जाणार. मी त्या दिवशी लाकडं इतक्या जोरात आपटली, की शेजारची मोक सू विचारायला आली, काय पडलं म्हणून.

मंगळवार उजाडला. रागावले होते तरी मला बसवेना. नवं काम सुरू करताना करतात तो पिवळा चिकट भात पहाटे उठून शिजवला, वर तळलेला मासा ठेवला. चेंगलचं लाकूड अंगणात रचून ठेवलं होतं, त्याचा वास नाकात भरत होता. पोक दा मोटारसायकलवरून आले. मागे हत्यारांची पेटी, पुढे कवड्याचा पिंजरा. आधी पिंजरा रंबुतानच्या फांदीला टांगला, मग भात खाल्ला, मग सुतळी काढली.

"घरच्या बाईला बोलवा," ते म्हणाले.

मोक नवं सारोंग नेसून बाहेर आल्या. मी पायरीवर उभी, तोंड पाडून.

"पसर हात, काक सोम," पोक दा मोकना म्हणाले. काक म्हणजे ताई.

डावा हात गेला, सरळ, खांद्याच्या रेषेत. उजवा थोडा उचलला आणि कमरेच्या वर येऊन थांबला.

"पूर्ण पसर गं. लाजतेस काय नव्या नवरीसारखी?"

मोक हसल्या नाहीत. त्यांनी जोर केला. तोंड पांढरं पडलं, पण हात काही वर गेला नाही. पोक दांच्या हातातली सुतळी सैल लोंबत राहिली.

"मोक, हाताला काय झालंय?" जुसोह पुढे झाला.

"काही नाही. रात्री अंगाखाली आला."

"खोटं बोलू नकोस, काक सोम," पोक दा म्हणाले. "माझ्या बायकोचाही खांदा असाच धरला होता. हा काही एका रात्रीतला नाही."

मोक जमिनीकडे बघत म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यापासून."

गेल्या पावसाळ्यापासून! माझं लग्न पावसाळा संपता संपता झालं. मला एकदम सगळ्या बरण्या आठवल्या. 'चढ आणि काढ, चढ आणि काढ.' आणि नारळाच्या खोडावर सरकणारी ती बोटं. छळ कसला, सराव कसला! मोकचा हातच पोचत नव्हता, आणि कोणाला सांगायचं नव्हतं.

"डावीकडची मोज आणि दुप्पट कर," मोक पोक दांना ठसक्यात म्हणाल्या. "तेवढी अक्कल आहे ना तुला?"

"करता येईल," पोक दा म्हणाले आणि सुतळी मोकच्या गळ्याशी धरली.

मला रडू आवरेना. "घ्या पोक दा, मोकचीच घ्या," मी पायरीवरून ओरडले. "मी चढीन. मला सवय झालीय."

मोकनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पुन्हा भात सांडला होता.

"चढशील म्हणे! एक दिवस मान मोडून घेशील. माझा हात वर जात नाही, हिचा पोचत नाही. मग बरण्या कोण काढणार, दाऊदचा कवडा?" त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरून मला अंगणात ओढलं. "हिची घे."

पोक दांनी सुतळी खाली केली. "बघ हं, काक सोम. पहिल्या खांबाला खाच मारताना घरच्या बाईचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं. मग मागाहून बदलत नाही. कोणाचं घेऊ?"

जुसोह माझ्याकडे बघेना, मी कोणाकडेच बघेना. वर कवडा तेवढा घसा खाकरत होता.

"रुबिया," मोक म्हणाल्या. "माझी सून, रुबिया."

मी हात पसरले. आयुष्यात कधी इतके पसरले नसतील, बोटांची टोकं दुखायला लागली. एक टोक पोक दांनी धरलं, दुसरं मोकनी डाव्या हाताने.

"एवढीशीच?" पोक दांनी सुतळी बघत विचारलं.

"भात शिजवायचाय, जहाज नाही बांधायचं," मोक फटकारून म्हणाल्या. "मार खाच."

आणि कवडा पुन्हा गायला लागला! पोक दा वाकस टाकून झाडाखाली धावले, काम दुपारपर्यंत बंद.

स्वयंपाकघर पुरं झालं तेव्हा आख्खं गाव बघायला लोटलं. जुसोहने आत येताना दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं, आणि अजूनही रोज आपटतो. मी मात्र मधोमध उभी राहून गोल फिरले, आणि जिथे हात नेईन तिथे काहीतरी हाताला लागत होतं. मला वेडच लागायचं बाकी होतं.

त्या दिवशी जेवण वाढताना मोक सवयीने म्हणाल्या, "मेक, चढ आणि बुडूची—"

तिथेच थांबल्या. फळी त्यांच्या छातीशी होती. त्यांनी उजवा हात पुढे केला, खांदा उचलावाच लागला नाही, आणि बरणी काढली. दोन्ही हातांनी धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

"इतक्या खाली कोणी ठेवतं का, रुबिया?" मग त्या खेकसल्या. "मांजर खाईल."

बरणी त्यांनी परत तिथेच ठेवली, आणि पुन्हा काढली.