हॉपच्या माळ्यावरचं न संपलेलं गाणं

मित्रांनो, माझं झाकण उघडलंत तर आधी जुन्या रबराचा वास येईल. मी युरोपातल्या बोहेमियातला एक जुना टेप रेकॉर्डर आहे. दोन चाकं आणि मधे धातूचं छोटंसं डोकं, एवढाच माझा संसार. डोक्याला घासून फीत पुढे सरकते. आत्ता काय वाजतंय तेवढंच मला कळतं. पुढचं कळत नाही.

कारखान्यातून मी एका शाळेत गेलो आणि मुलांच्या कविता साठवल्या. शाळेने नवं यंत्र घेतलं, तेव्हा रादिम नावाच्या तरुणाने मला हॉप वाळवायच्या माळ्यावर नेलं. बिअरला लागणारी ती फुलं फक्त हंगामात तिथे पसरत. एरवी माळा रादिमच्या रॉक बँडचा असे.

शाळेतल्या कवितांना कडवी होती. यांच्या गाण्यांना नव्हती. रादिम गिटारची तार छेडी, बाकीचे कान देत, आणि गाणं सुरू झालंय हे सगळ्यांना मागाहून कळे. संपण्याचा नियम मात्र पक्का होता. ड्रमवरचा ओटाकार काठ्या जमिनीवर ठेवी, तेव्हा गाणं संपे.

"आज लवकर ठेव रे बाबा. बायको माझं सूप कुत्र्याला घालते," बँडमधला हिनेक म्हणे.

"कुत्र्याच्या तरी अंगी लागू दे," ओटाकार म्हणे आणि वाजवत राही.

पाठ केलेल्या गाण्यात माणूस आपली पाळी येण्याची वाट पाहतो. इथे पाळीच नव्हती. प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकावंच लागे. मला ते फार आवडे.

एका दुपारी गाणं रंगात असताना माझी फीत संपली. पुढचं मी साठवलं नाही. त्याच हिवाळ्यात ओटाकारची मोटरसायकल बर्फावरून घसरली आणि तो गेला.

वसंतात त्याच दुपारची फीत लावून रादिम ब्लेड घेऊन माझ्यापुढे बसला. ओटाकारची बहीण व्लास्ता दारात उभी होती.

"हे काय करतोस?"

"रेडिओवाले छोटं गाणं मागतात. मधला तुकडा कापतो. निदान ओटाकारचं नाव तरी होईल."

"काप की. कुठून सुरू होतं ते आधी दाखव."

रादिमने फीत मागेपुढे फिरवून पाहिली. जिथे ब्लेड टेकवावं, तिथे कुणाचा तरी सूर दुसऱ्याच्या सुरात गुंतलेला असे. शेवटी त्याने ब्लेड खिशात टाकलं आणि फीत सलग लावली.

ती संपली. भरलेलं चाक मोकळं फिरू लागलं आणि फितीचं टोक फट फट आपटू लागलं. रादिमचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," व्लास्ता म्हणाली. "दादाने अजून काठ्या ठेवल्या नाहीत."

त्या आवाजावर रादिम हलकेच गिटार वाजवू लागला. व्लास्ताने खिळ्याला अडकवलेल्या ओटाकारच्या काठ्या काढल्या आणि ड्रमवर चाचपडत ठेका धरला. अंधारून आलं तेव्हा रादिम थांबला.

"ठेव आता."

"नाही ठेववत रे," ती म्हणाली आणि काठ्या घेऊन घरी गेली. मलाही तिनेच नेलं.

आता ती म्हातारी झाली आहे. माझा पट्टा सैल पडलाय, डोक्यावर धूळ बसलीय. तरी कधीतरी ती मला लावते. फीत संपते, टोक आपटत राहतं, आणि ती काठ्या हातात धरून बसते.

मित्रांनो, उद्या मी तुमच्यापैकी कुणाच्या घरी आलो, तर मऊ फडक्याने माझं डोकं पुसा. फीत कापू नका. आणि ती संपली, की लगेच बटण दाबू नका. थोडं थांबा. जमिनीवर काठ्या ठेवल्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.