सीलबंद खोकं

गल्लीत त्यांना सगळे ओरिजिनल काका म्हणत. त्यात टोमणा आहे हे काकांना कधी कळलंच नाही, ते आपले खूश होत. उभा जन्म लेथ मशीनवर टर्नर म्हणून घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लोक सकाळचे फिरायला जातात, काका भंगारवाल्यांकडे जायला लागले आणि एक दिवस एक जुनी मोटार टोचन लावून घरी घेऊन आले. गोल पाठीची, फुगीर गालांची. ती बनवणारी कंपनी बंद पडूनही जमाना झाला होता. काकांनी तिला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली आणि जाहीर केलं, की या गाडीत एकही नकली स्क्रू जाणार नाही.

नकली म्हणजे खराब नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवं. त्याच मापाचा, नवाकोरा, चांगला सुटा भाग बाजारात मिळत असला तरी काका त्याला हात लावायचे नाहीत. भाग त्याच कारखान्यातून, त्याच काळात निघालेला पाहिजे, आणि शक्यतो कंपनीच्या सीलबंद खोक्यातला पाहिजे. दाराच्या एका मुठीसाठी ते गावोगाव हिंडले. काकू म्हणायच्या, "पोरीचं लग्न ठरवताना एवढी पायपीट केली नाहीत." ही गोष्ट खरी होती, त्यामुळे काका त्यावर काही बोलत नसत.

ती गाडी आता शेडमध्ये नाक फोडून उभी होती, आणि पोरगी पुढच्या खोलीत पायाला प्लास्टर घालून बसली होती.

झालं होतं ते असं. गाडी तयार झाली, काकांनी ती गल्लीत दोन-चार दिवस हळूहळू फिरवली आणि मग मोठ्या मनानं किल्ली जावयाच्या हातात ठेवली. जावई औषधाच्या दुकानात कामाला. गोळीची पट्टी देतानासुद्धा दोनदा वाचून देणारा माणूस. मुलगी त्याच्या शेजारी बसली. पाण्याच्या टाकीच्या उतारावर गाडी वळणाआधी थांबली नाही आणि भिंतीवर जाऊन आदळली. वेग फार नव्हता म्हणून निभावलं. जावयाच्या कपाळाला टाके पडले, मुलीचा पाय मोडला.

"ब्रेक लागलाच नाही. पेडल सरळ खाली गेलं," जावई म्हणाला होता.

काकांनी गाडी ओढून घरी आणल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर आत बसून ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट. कुठे तेलाचा थेंब गळालेला नाही. ब्रेकचा आतला सगळा संच त्यांनी स्वतः बसवला होता, आणि तोही कंपनीचं सील तोडून, ओरिजिनल. काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "जावईबापूंचा पाय चुकला. घाबरून भलत्याच पेडलवर पडला."

मुलीनं बापाचं ऐकलं. यंत्राच्या बाबतीत बाप चुकलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. पाय मोडल्याचा तिला राग नव्हता. चूक कुणाकडूनही होते, पण हा कबूल का करत नाही, तोंडावर खोटं का बोलतो, हे तिच्या जिव्हारी लागलं. त्यांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, जिना चढता येत नाही म्हणून ती माहेरी आली होती. आता ती काठी घेऊन घरभर फिरू लागली तरी परत जायचं नाव काढत नव्हती. जावई सुरुवातीला रोज संध्याकाळी यायचा आणि रोज तेच सांगायचा. मग ती आतल्या खोलीत जाऊन बसायला लागली. मग तो येईनासा झाला.

काकांच्या मनात तसं वाकडं काही नव्हतं. त्यांना लेकीचा संसार सुरळीत झालेला हवा होता. फक्त आधी जावयानं एकदा कबूल करावं, एवढीच त्यांची अट होती. "एकदा म्हणा म्हणावं, माझं चुकलं. विषय संपला. मी स्वतः तिला पोहोचवून येतो." हा निरोप त्यांनी काकूंच्या हाती पाठवलासुद्धा. आणि आपण किती समजूतदार सासरे आहोत असं वाटून त्यांना जरा बरंही वाटलं.

तोवर ते गाडीच्या फुटलेल्या दिव्याची काच शोधत होते. काचेवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, तशीच पाहिजे होती. शोधत शोधत एके दिवशी सकाळी ते पुन्हा खोकेवाल्याकडे पोहोचले.

खोकेवाला म्हणजे जुन्या बाजारातला एक म्हातारा दुकानदार. बापाच्या काळापासून न खपलेला माल त्याच्या माळ्यावर पडून होता. दुकानात शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागे. ब्रेकचा तो सीलबंद संच काकांनी इथूनच नेला होता. त्या दिवशी ते खोकं त्यांनी सगळ्या घराला दाखवलं होतं. जावयानं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं होतं, "याच्यावर एक्स्पायरी नाही का लिहिलेली?" काका पोट धरून हसले होते. पुढे किती दिवस तो विनोद ते लोकांना सांगत होते.

"काच आहे. एकच आहे, पण आहे," खोकेवाला म्हणाला आणि शिडीवर चढला. काच काढताना त्याचा कोपर शेजारच्या चळतीला लागला आणि एक लहान खोकं खाली फरशीवर पडलं. सील फुटलं, झाकण उघडलं आणि आतलं वाटीच्या आकाराचं काळं रबर काकांच्या पायाशी आलं.

काकांनी ते ओळखलं. आपल्या गाडीत बसवलंय तसंच, तसल्याच संचातलं. ते उचलायला वाकले आणि तसेच थांबले. रबर फरशीवर पडलं तर उडतं. हे पडलं आणि त्याचा टवका निघाला होता.

त्यांनी नखानं कड दाबून पाहिली. वाळलेल्या पापडासारखी ती तुटून हातात आली.

"अहो, दुसरं देतो की," वरून खोकेवाला म्हणाला. "त्याच लॉटमधलं आहे. सीलबंद."

"द्या," काका म्हणाले.

दुसऱ्या खोक्याचं सील त्यांनी स्वतः तोडलं. खोकेवाल्यानं जीभ चावली, कारण या धंद्यात सील तोडलं की त्या वस्तूची अर्धी इज्जत जाते. आतलं रबर दिसायला काळंभोर, चकचकीत. दोन बोटांत धरून वाकवलं तर मधोमध भेग गेली.

"किती जुनं असेल हे?" काकांनी विचारलं.

"माझ्या लग्नाच्या आधीचं," खोकेवाला म्हणाला. "पण खोकं बघा ना, कसं कोरं आहे."

काकांना आठवलं. बसवतानाही ते रबर हाताला कडक लागलं होतं. तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले होते, जुना माल असाच दणकट असतो. नव्या मालाला हा कडकपणा कुठून येणार. काच तिथेच ठेवून ते दुकानाबाहेर पडले.

घरी आल्यावर ते कुणाशी न बोलता शेडमध्ये गेले. अपघातानंतर त्यांनी गाडीचा पत्रा पाहिला, दिवे पाहिले, बंपर पाहिला, पण ब्रेकचा सिलिंडर उघडला नव्हता. सीलबंद माल बसवलेला, तो उघडून काय बघायचं. आता त्यांनी तो उघडला. रबराची कड एका बाजूला चांगली बोटभर फाटली होती. पेडल दाबलं की याच रबरानं तेल पुढे ढकलायचं. कड फाटली की तेल मागच्या मागे निसटतं, बाहेर थेंबही गळत नाही, आणि पेडल सरळ खाली जातं. पुन्हा दाबलं तर कड कधी कधी नीट बसते आणि सगळं ठणठणीत वाटतं. टर्नर माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काका शेडमधल्या स्टुलावर बसले. पोरगा खरं बोलत होता. पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होता, आणि ती शब्दन् शब्द खरी होती.

त्यांनी ते फाटकं रबर फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकलं. घरात जाऊन लगेच सांगून टाकावं असं ठरवून ते उठलेसुद्धा. पण आधी हात धुवावेत असं वाटलं. मग वाटलं, जेवण होऊ दे. मग मुलगी जरा पडली होती. दुपार अशीच गेली.

काकू दारात येऊन म्हणाल्या, "संध्याकाळी जावईबापू येतायत. मीच बोलावलंय. आज नीट बोला हं, फार ताणू नका."

जावई आला तो मुलीच्या गोळ्या घेऊन आला. कपाळावरची टाक्यांची खूण आता पुसट झाली होती. तो खुर्चीच्या कडेला टेकला. समोर दिवाणावर मुलगी, पाय उशीवर ठेवून, नजर खिडकीकडे. काकू पदराशी चाळा करत उभ्या.

"बाबा, मी फार विचार केला," जावई म्हणाला. "माझाच पाय चुकला."

काकांनी खिशावर हात ठेवला. बोलायचं तर आत्ताच, हे त्यांना पक्कं कळत होतं. ते बोलले नाहीत.

जावई पुढे सांगत राहिला. वळण दिसलं आणि तो घाबरला. जुन्या गाडीची पेडलं जवळजवळ असतात, त्याला सवय नव्हती. ब्रेक समजून त्यानं भलतंच दाबलं. नंतर सगळ्यांसमोर कबूल करायची लाज वाटली, म्हणून तो ब्रेकवर ढकलत राहिला. हे सगळं त्यानं बरंच घोकून आणलेलं दिसत होतं. काकांनीच पहिल्या दिवशी दिलेला निकाल तो त्यांना परत ऐकवत होता, त्यांच्याच शब्दांत. काका ऐकत होते, आणि लाज वाटत असतानाही मनात कुठेतरी हायसं वाटत होतं. पोरगी घरी जाईल. गल्लीत कुणाला काही कळायचं नाही. रबर गुपचूप बदलता येईल. कुणाचं काही बिघडत नाही.

"असू दे," काका म्हणाले. "होतं असं कधी कधी."

काकूंनी मोठा श्वास सोडला आणि चहा टाकायला आत गेल्या. मुलीनं खिडकीवरची नजर काढली. कित्येक दिवसांनी ती नवऱ्याकडे धड बघत होती. तिनं हात पुढे करून त्याच्या कपाळावरची खूण बोटानं चाचपली.

"एवढंच हवं होतं रे मला," ती म्हणाली. "शेवटी खरं बोललास."

जावयानं मान खाली घातली. खालमानेनंच तो हळूच हो म्हणाला.

तो हो काकांना सहन झाला नाही. त्यांनी खिशातून फडकं काढलं, सोडलं आणि ते फाटकं रबर मुलीपुढे धरलं. "हे ब्रेकमधलं. गाडीतून काढलं. बघ, फाटलंय. त्यांचा पाय चुकला नव्हता. ब्रेक लागलाच नव्हता. मी बसवलेला माल खराब होता."

मुलीनं ते हातात घेतलं. कडेला बोट लावताच आणखी एक तुकडा तुटून तिच्या मांडीवर पडला.

"हे कधी काढलंत?"

"दुपारी."

"म्हणजे हा यायच्या आधी."

"हो."

"आणि तुम्ही याला सगळं बोलू दिलंत," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "वर त्याला म्हणालात, असू दे."

सांगणार होतो, असं काकांना म्हणायचं होतं, पण ते खरं आहे का याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती.

मुलगी नवऱ्याकडे वळली. "आणि तू? तू कशाला खोटं बोललास?"

"तू घरी येत नव्हतीस," जावई म्हणाला. "मला दुसरं काही सुचेना."

तिचे डोळे भरून आले. तिनं आईला हाक मारली आणि आपली बॅग मागितली. काकू चहाचे कप घेऊन दारात आल्या. काय झालं ते त्यांना कळेना, पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि मुकाट्यानं कपाट उघडलं.

"अगं, तीन मजले चढायचेत," काका म्हणाले. "पाय अजून कच्चा आहे. उद्या मी सोडतो."

"हा धरेल मला."

बाहेरच्या पायऱ्यांशी काका पुढे झाले आणि त्यांनी हात दिला. मुलीनं तो बाजूला सारला नाही, झिडकारला नाही. ती फक्त नवऱ्याच्या खांद्याला धरून दुसऱ्या बाजूनं उतरली, आणि काकांचा हात तसाच पुढे राहिला. जावई रिक्षात बॅग ठेवून परत आला. आता काय ऐकावं लागतंय म्हणून काका अंग आवळून उभे राहिले. चार शब्द सुनावले असते तर त्यांना चाललं असतं.

"बाबा, तिच्या गोळ्या आतच राहिल्या," जावई म्हणाला.

काका गोळ्या आणायला आत गेले. टीपॉयवर पट्टी पडली होती. ती उचलताना त्यांनी आधी तिच्यावरची एक्स्पायरीची तारीख वाचली, आणि मग बाहेर जाऊन ती त्याच्या हातात दिली.